इंजिनाखालचं लाकूड: बिल सागाचं, आत जुनीच कुज

ज्यांची लाकडी बोट जुनी आहे आणि १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत इंजिनाचा पाया बदलून घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्याकडून नव्या सागाचे पैसे घेतले आणि कुजकं लाकूड जागच्या जागी ठेवून त्यावर फायबर मारून दिलं. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून ठेकेदाराचं नाव लिहीत नाही. नावापेक्षा त्याची रीत कळणं जास्त गरजेचं आहे, कारण एकदा रंग लागला की ही लबाडी डोळ्यांना दिसत नाही.

आमची बोट हर्णैची. इंजिनाचा पाया म्हणजे पठाणाच्या (बोटीच्या तळाच्या कण्याच्या) दोन्ही अंगांना, वाकांवर (आडव्या फासळ्यांवर) बसवलेली दोन जाड, लांब लाकडं. इंजिनाचं वजन तर त्यांच्यावर असतंच, पण पंखा पाणी मागे रेटतो तेव्हा बोटीला पुढे ढकलणारा सगळा जोरही शाफ्ट आणि गिअरबॉक्समधून याच लाकडांवर येतो. ती मऊ पडली की इंजिन हलतं, शाफ्टची रेषा चुकते आणि ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जागेतून, पाणी आत यायला लागतं. आणि ही कुज समुद्राच्या पाण्यामुळे सहसा होत नाही. खारात बुरशीला जोर धरता येत नाही. नाश करतं ते पावसाचं गोडं पाणी. केबिनच्या छपरातून गळतं, बोल्टच्या भोकांतून आत मुरतं आणि तिथेच राहतं. वर डिझेल-ऑइलचा काळा थर असतो, त्यामुळे बाहेरून लाकूड धडधाकट वाटतं.

हंगामाच्या शेवटी आमचे बोल्ट आवळले तरी नुसते फिरायला लागले. बाबांनी भोकाशेजारी स्क्रू ड्रायव्हर दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. म्हणजे इंजिन उचलणं आलंच. बंदीत सगळ्या बोटी शाकारलेल्या (किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या), सगळ्यांनाच काम करून हवं, आणि जुने सुतार मोजकेच उरलेत. अशा वेळी बाहेरगावचे ठेकेदार किनाऱ्यावर फिरत असतात. आमच्याकडे आलेल्याने दर सांगितला तो दोन्ही लाकडं काढून वाळलेला साग घालण्याचा, आरपार बोल्ट मारण्याचा आणि वरून फायबरचा. "नाखवा, तुम्ही बिनघोर राहा, दहा वर्षं बघायला लागणार नाय." निम्मे पैसे आधी घेतले, बाकीचे बोट पाण्यात ढकलण्यापूर्वी.

काम चालू असताना त्याने बोट प्लास्टिकने बंद करून घेतली. केमिकलचा वास बाधतो, आत येऊ नका, असं सांगितलं. एका दुपारी बोलावून कुजक्या तुकड्यांचा ढीग दाखवला, "हे बघा, काय निघालं तुमच्या बोटीतून." ते तुकडे आमच्या बोटीचे नव्हतेच. त्यांतली भोकं आमच्या बोल्टांपेक्षा बारीक होती. हे उलगडलं ते सगळं उघडल्यावर.

हंगाम सुरू झाला आणि भर समुद्रात कपलिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांचे, बोल्ट तुटले. पाणी वाढत होतं, खलाशी बादल्यांनी उपसत होते. शेजारच्या बोटीने ओढत आंजर्ल्याच्या खाडीत आणलं म्हणून माणसं आणि बोट दोन्ही वाचली. गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारांनी गिरमिटाने भोक पाडलं. भुसा सागाचा पिवळसर-तपकिरी, कोरडा यायला हवा होता, आला तो काळपट आणि ओला. मग सगळं फोडलं. वरची चार बोटं लाकूड तासून त्या खड्ड्यात रेझिनमध्ये कालवलेला भुसा भरला होता, त्यावर आंब्याची पातळ फळी, वर फायबर आणि राखाडी रंग. फायबरचा थर पापुद्र्यासारखा हाताने सुटून आला, कारण तेल प्यायलेल्या लाकडाला साधं पॉलिएस्टर रेझिन धरतच नाही. खालचं लाकूड मुठीत चुरडत होतं. ओल आत कोंडल्यामुळे कुज पसरतच गेली होती. आणि बोल्ट? वरून डोकी तशीच होती, पण खाली नटच नव्हते. आरपार बोल्टांच्या जागी आखूड स्क्रू पिळले होते. मला सगळ्यात जास्त संताप या स्क्रूंचा आला. लाकडात पैसा वाचवला हे एक वेळ समजू शकतं, पण ज्यावर माणसांचे जीव आहेत तिथे नट चोरायचा?

आता तुम्ही काम देणार असाल तर झाकण्यापूर्वी कुज काढलेला खड्डा उघडा बघायचाच, हे करारातच लिहून घ्या. इंजिन चेन ब्लॉकने उचलल्यावर दोन्ही लाकडं हातोडीने टोकटोक वाजवा. चांगलं लाकूड ठणकन बोलतं, कुजलेलं बद्द वाजतं. कुज दिसते तिथेच कापून चालत नाही, पुढचं फूटभर चांगलं वाटणारं लाकूडही काढायला लावा, कारण बुरशी आधीच तिथवर गेलेली असते. पूर्ण लाकूड न बदलता सांधा देणार असतील तर तो तिरका आणि जाडीच्या निदान आठपट लांब हवा. नवं लाकूड बोटीत जाण्यापूर्वी जमिनीवर बघा आणि खूण करून फोटो काढा. बोल्टला जिथे नट दिसत नाही तिथे प्रश्न विचारा. "वास बाधतो" म्हणून कोणी आत येऊ देत नसेल तर काम तिथेच थांबवा.

पैशाचा शेवटचा हप्ता बोट पाण्यात तरंगल्यानंतरचाच ठेवा. जमिनीवर आणि पाण्यात लाकडी बोटीचा आकार थोडा बदलतो, म्हणून कपलिंगची शेवटची जुळणी पाण्यातच व्हायला हवी. साधारण शंभर मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी मोजल्यावर फटीत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. "थोडं चालतं" म्हणणाऱ्याला ते गेज हातात द्या आणि मोजून दाखवायला सांगा.

फसवणूक झालीच असेल तर फोडलेले तुकडे टाकू नका. आम्ही स्क्रू, फायबरचे पापुद्रे आणि आंब्याची फळी पोत्यात भरून ठेवली, फोडताना व्हिडिओ काढला आणि त्या सुतारांचं लेखी मत घेतलं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर माहितीसाठी उपयोगी पडतो. बोट स्वतः चालवून त्यावरच घर चालतं, हे आम्ही अर्जात पहिल्यांदा मांडलं, कारण समोरची बाजू "हा धंदा आहे, हे ग्राहक नव्हेत" असं म्हणणार हे उघड होतं, आणि झालंही तसंच. पुढच्या तारखेला ते पोतं घेऊन जायचं आहे.