सस्पेन्शन-स्टिअरिंगची हत्यारं आणि मॅन्युअल : आठ महिने वापरून झाल्यावर

आठ महिन्यांत घरच्या हॅचबॅकचं पुढचं सस्पेन्शन जवळजवळ सगळं मी स्वतः केलं, म्हणजे दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे), बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोळीचा सांधा), टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारं टोक) आणि शेवटी दोन्ही स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब). हत्यारं नवीन असताना सगळीच छान वाटतात म्हणून तेव्हा मुद्दाम लिहिलं नाही, आता लिहितोय.

आधी पुस्तकाचं सांगतो. मी हत्यारं आधी घेतली आणि कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल नंतर. उजवा लोअर आर्म मॅन्युअल यायच्या आधी बसवला. गाडी स्टँडवर, चाक लोंबतंय, बुशचे (आर्मच्या गाडीकडच्या टोकातल्या रबरी सांध्याचे) बोल्ट दणकून आवळले आणि काम झालं असं समजलो. डावा आर्म करायला घेतला तोपर्यंत मॅन्युअल आलं होतं, त्यात स्पष्ट लिहिलंय की बुशचे बोल्ट आधी नुसते अडकवायचे आणि शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच करायचं. कारण रबरी बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते, ती फिरत नाही, आर्म वरखाली होतो तेव्हा पीळ रबरच खातं. चाक लोंबत असताना आवळलं की गाडी खाली आल्याक्षणी रबर पिळलेलं आणि मग ते कायम तसंच. चार महिन्यांनी टॉर्च मारून बघितलं तर उजव्या बुशला भेगा आणि डावा अजून स्वच्छ, दोन्ही एकाच सेटमधले. उजवा परत काढला, नवीन बुश घातला, या वेळी पुढची चाकं रॅम्पवर चढवून खालून आवळला. ते एक वाक्य मला आधी वाचायला मिळालं असतं तर एक रविवार आणि एक बुश वाचला असता, मॅन्युअलचे पैसे मला तिथेच वसूल वाटतात.

मॅन्युअल वापरताना टॉर्कच्या तक्त्यात एकक नीट बघा. कुठे न्यूटन-मीटर असतं, कुठे किलोग्रॅम-मीटर, कुठे पाउंड-फूट. १ पाउंड-फूट म्हणजे साधारण १.३६ न्यूटन-मीटर आणि १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८. एकाच्या जागी दुसरं धरलं की एकतर बोल्ट ढिला राहतो नाहीतर आटे जातात. क्लिकवाला टॉर्क रेंच ४० ते २०० न्यूटन-मीटरचा घेतला, या कामाला तेवढा पुरतो. काम झालं की दर वेळी सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवतो, आणि त्याने बोल्ट कधीच सोडवत नाही, त्याला लांब दांड्याचा वेगळा पाना आहे.

बॉल जॉइंट सोडवायला आधी दोन फाट्यांचा काटा घेतला होता, हातोडीने ठोकायचा तो. काम होतं पण जॉइंटवरचा रबराचा बूट, म्हणजे आवरण, फाटतोच. जॉइंट बदलायचाच असेल तर ठीक, पण चांगला जॉइंट नुसता बाजूला करायचा असेल तर फाटक्या बुटातून पाणी-धूळ आत जाऊन तो थोड्याच दिवसांत वाजायला लागतो. म्हणून स्क्रूने दाबणारा सेपरेटर घेतला आणि काटा तेव्हापासून पेटीतच पडून आहे. सेपरेटर लावताना नट पूर्ण काढू नका, चार-पाच आट्यांवर ठेवा, कारण टेपर (जॉइंटच्या पिनचा घट्ट बसलेला निमुळता भाग) सुटतो तो मोठा आवाज करून सुटतो आणि आर्म झटकन खाली येतो. परत बसवताना नटाबरोबर पिनच गरगर फिरायला लागली तर आर्मखाली जॅक लावून थोडा दाब द्या, टेपर पकडतो. स्प्लिट पिनचं (नट फिरू नये म्हणून घालतात त्या पिनचं) भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, जुळवण्यासाठी मागे कधीच सोडायचा नाही.

स्प्रिंग कॉम्प्रेसरचं (स्ट्रटची स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराचं) मात्र मनापासून सांगतो, इथे स्वस्त बघू नका. पहिला जो आला त्याच्या हुकांना सेफ्टी पिनच नव्हत्या, न वापरता परत केला. दाबलेल्या स्प्रिंगमधे इतका जोर असतो की निसटली तर जीव जाऊ शकतो. आता पिनवाला आहे. दोन्ही हुक समोरासमोर, आळीपाळीने थोडे थोडे फेरे, हातानेच, इम्पॅक्ट गन नाही, आणि स्प्रिंग वरच्या सीटवर सैल होऊन हाताने हलायला लागल्याशिवाय स्ट्रटचा वरचा नट सोडायचा नाही. स्प्रिंगच्या टोकासमोर उभंही राहायचं नाही. दोन स्ट्रटनंतर स्क्रूचे आटे कोरडे जाणवले, ग्रीस लावलं, आता हलका फिरतो.

टाय रॉड एंडला जुना काढताना किती फेरे फिरले ते मोजून नवीन तितकेच फिरवायचे असं सगळे सांगतात. माझ्याकडे नवीन एंडची लांबीच थोडी वेगळी निघाली. त्यामुळे आता बॉलच्या मध्यापासून लॉकनटपर्यंतचं अंतर मोजतो, ते जास्त खात्रीचं. तरी हे फक्त अलाइनमेंटला गाडी नेण्यापुरतं, टो (वरून बघता पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) मशीनवर करून घ्यावाच लागतो.

दुसरं एक जाड पाठ्यपुस्तक घेतलं, सस्पेन्शन-स्टिअरिंगच्या भूमितीचं. त्यात १८१८ च्या स्टिअरिंगच्या अ‍ॅकरमन पेटंटपासून सुरुवात आहे, वळताना आतलं चाक जास्त का वळावं लागतं ते तिथे पहिल्यांदा नीट कळलं. पाना हातात घेऊन त्याचा उपयोग नाही, पण टायर बघून अंदाज बांधायला मी तेच उघडतो. टो-इन (चाकांची पुढची बाजू आत) जास्त असेल तर बाहेरची कड झिजते, टो-आउटला (पुढची बाजू बाहेर) आतली, आणि कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) जास्त निगेटिव्ह, म्हणजे वरची बाजू आत, असेल तरी आतलीच, मग टोमुळे झिजलीय की कॅम्बरमुळे ते टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावरून आडवा हात फिरवून बघायचं, एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागलं तर बहुतेक टो.

बुश दाबून बसवायचा प्रेस किट अजून घेतला नाही, तेवढं काम बाहेरून करून घेतो. मागच्या बीमचे (मागची चाकं धरणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश आले की बघू.