विनिपेगमध्ये मूळनिवासी मुलांसोबत काम: हेड स्टार्ट, सरकारी शाळा की द्विभाषी वर्ग?

बालशिक्षणाचा डिप्लोमा हातात पडला की विनिपेगमधल्या आपल्या मराठी मुली माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: ताई, अर्ज कुठं करू? मध्यवस्तीत किंवा नॉर्थ एंडला काम करायचं असेल, तर वर्गात क्री, ओजिब्वे, मेटी या मूळनिवासी समाजांच्या घरांतली मुलं असणार हे धरून चाला. 2021 च्या जनगणनेत विनिपेग परिसरात 1,02,080 मूळनिवासी मोजले गेले. कॅनडातल्या दुसऱ्या कुठल्याही शहरात एवढे नाहीत. मूळनिवासी म्हणजे दूर कुठंतरी रिझर्व्हवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीवर, राहणारी माणसं, हा समज आपण येतानाच सोबत आणतो. मीही आणला होता. प्रत्यक्षात नोंदणीकृत फर्स्ट नेशन्स (क्री, ओजिब्वे यांसारखे समाज; मेटी आणि इनुइट यांत येत नाहीत) लोकांपैकी दहातले जवळपास सहा जण रिझर्व्हबाहेर राहतात.

पगाराचे आकडे इथं देत नाही, ते जागेगणिक बदलतात. शाळेतल्या सहायकाचं काम बहुधा दहा महिन्यांचं असतं, एवढं लक्षात ठेवा. बाकी हेड स्टार्ट, सरकारी शाळा आणि द्विभाषी वर्ग यांतली निवड मुलाला तिथं काय मिळतं हे पाहून करा.

हेड स्टार्ट हा मूळनिवासी मुलांचा शाळेआधीचा कार्यक्रम 1995 मध्ये शहरांतल्या आणि उत्तरेकडच्या वस्त्यांतल्या मुलांसाठीच सुरू झाला. रिझर्व्हवर तो 1998 मध्ये पोचला. शहरांतल्या केंद्रांचा पैसा केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडून येतो, शिक्षण खात्याकडून नाही. कामाचा आवाका मोठा आहे: भाषा आणि संस्कृती, शाळेची तयारी, आरोग्य, पोषण, पालकांचा सहभाग, कुटुंबाला आधार. अंगणवाडी जवळून पाहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. रिझर्व्हबाहेर देशभरात सव्वाशेहून जास्त केंद्रं आहेत, मुलं साधारण तीन ते पाच वर्षांची, वेळ बहुतेक ठिकाणी अर्ध्या दिवसाची.

सरकारी शाळेतला नर्सरी किंवा किंडरगार्टनचा वर्ग प्रांताच्या शिक्षण व्यवस्थेत येतो. इमारत मोठी, ग्रंथालय चांगलं, वाचा-उपचारतज्ज्ञ बोलावता येतो, आणि मूल तिथंच पुढं पहिली-दुसरीत जातं. हेड स्टार्टमधल्या मुलाला मात्र पाचव्या-सहाव्या वर्षी ओळखीची माणसं सोडून नव्या जागी रुजावं लागतं. शिक्षणातलं हे सातत्य शाळेच्या बाजूनं जातं, ते मी मनापासून मान्य करते.

आरोग्याच्या बाबतीत माझं मत एका मुलामुळं बनलं. मी पूर्वी एका शाळेत सहायक होते. चार वर्षांचा एक मुलगा हाक मारली तरी वळायचा नाही. ‘लक्ष देत नाही’ अशी नोंद दोन महिने होत राहिली, आणि त्यातल्या काही नोंदी माझ्या हातच्या आहेत. शेवटी आजीनं दवाखान्यात नेलं, तेव्हा दोन्ही कानांच्या पडद्यामागं पाणी साठलेलं निघालं. मधल्या कानाचा संसर्ग या मुलांमध्ये वारंवार होतो. भाषा मनात बसण्याच्या वयात ऐकूच कमी आलं तर इंग्रजीही कच्ची राहते आणि क्रीही. त्या वर्गात वीसेक मुलं होती आणि त्या आजीशी आमचं बोलणं कधी झालंच नव्हतं. हेड स्टार्टमध्ये आई किंवा आजी रोज दारात भेटते, कधी आत येऊन बसते, ‘रात्री कान धरून रडत होता’ हे सांगते. एवढ्या एका वाक्यानं दोन महिने वाचतात. म्हणून आरोग्यात मी हेड स्टार्टला बरंच वरचं स्थान देते.

कुठंही काम केलंत तरी हक्कांची माहिती तुम्हाला हवीच. नोंदणीकृत फर्स्ट नेशन्स आणि (उत्तर ध्रुवाकडच्या) इनुइट मुलांना दात, चष्मा, औषधं यांसाठी केंद्राची वेगळी आरोग्य योजना शहरातही लागू असते. शेजारी बसलेल्या मेटी मुलाला ती लागू नसते. दुसरी गोष्ट जॉर्डन तत्त्वाची. नॉर्वे हाऊस या क्री वस्तीतल्या घरचा जॉर्डन रिव्हर अँडरसन 1999 मध्ये जन्मला, गंभीर आजारामुळं विनिपेगच्या रुग्णालयातच वाढला. डॉक्टरांनी घरगुती देखभालीत पाठवायला हरकत नाही असं सांगितलं, पण त्या देखभालीचा खर्च केंद्रानं द्यायचा की प्रांतानं, यावर वाद चालू राहिला. 2005 मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो रुग्णालयातच वारला. एक दिवसही घरी राहिला नाही. आधी मुलाला सेवा द्या, पैशांचा हिशेब नंतर करा, हे तत्त्व त्याच्या नावानं 2007 मध्ये संसदेनं मान्य केलं, आणि 2016 मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणानं ते पूर्णपणे पाळण्याचा आदेश दिला. ते रिझर्व्हबाहेरच्या फर्स्ट नेशन्स मुलांनाही लागू आहे. मात्र 2025 मध्ये सरकारनं नियम आवळले आणि शाळेशी संबंधित मागण्या प्रांतिक शिक्षण मंडळांकडे वळवायला सुरुवात केली. शाळेत काम करणार असाल तर मदतनीस किंवा उपकरण मिळवताना हे तुमच्या वाट्याला येईल.

आता भाषा. माझ्या लेखी सगळ्यात जड पारडं तिचंच. क्रीमध्ये ‘कियानाव’ म्हणजे आपण आणि ‘नियनान’ म्हणजे आम्ही. ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हा भेद मराठीत आहे, क्रीत आहे, इंग्रजीत नाही. हे कळलं त्या दिवशी मला या मुलांचं काय हिरावलं गेलंय ते पोटातून समजलं. दीड लाखाहून जास्त मूळनिवासी मुलं घरापासून तोडून सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांत नेली गेली, तिथं स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार खाल्ला, आणि त्यातली कित्येक मोठी झाल्यावर आपल्या लेकरांशी इंग्रजीतच बोलली. म्हणून अनेक घरांत आजीला भाषा येते आणि आईला येत नाही. शेवटच्या निवासी शाळा 1990 च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे हे आजच्या पालकांच्या आयुष्यातलं आहे.

साध्या शाळेत मूळनिवासी भाषा सण-समारंभापुरती येते. हेड स्टार्टमध्ये ती रोज येते: नमस्कार, गाणी, रंग, जेवणाचे शब्द. पण अर्ध्या दिवसातला बराच वेळ इंग्रजीच चालते. द्विभाषी वर्गात मूल त्या भाषेतूनच शिकतं. विनिपेगमध्ये आयझॅक ब्रॉक शाळेत 2016 मध्ये क्री आणि ओजिब्वेचे असे वर्ग सुरू झाले. ब्रिटिश कोलंबियात ॲडम्स लेकजवळची चीफ आताम शाळा पालकांनी 1991 मध्ये काढली, तिथं तर सुरुवातीची वर्षं संपूर्ण सेक्वेपेम्कत्सिन या तिथल्या मूळनिवासी भाषेत. तिच्यामागं न्यूझीलंडच्या माओरी ‘कोहांगा रेओ’ची, 1982 पासूनच्या भाषा-घरट्यांची, प्रेरणा आहे. शहरात एवढं जमवणं अवघड, कारण एकाच वर्गात क्री, ओजिब्वे, डकोटा, डेने घरांतली मुलं असतात. भाषा निवडायची कुठली, इथूनच अडचण सुरू होते. तरीही तीनही जागांमध्ये भाषेला खरे तास देणारी जागा द्विभाषी वर्गच.

पण तिथं शिक्षिका म्हणून आपण जाऊ शकत नाही. भाषा येणारी माणसं आधीच मोजकी आहेत, आणि ती जागा त्यांचीच आहे. सहायक म्हणून जाता येतं: डबे उघडायचे, बुटांच्या नाड्या बांधायच्या, साहित्य तयार करायचं, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंचा श्वास भाषेसाठी मोकळा राहतो. मुलांबरोबर बसून आपणही शब्द शिकायचे. हे काम कमी प्रतीचं समजणारीनं तिकडं जाऊ नये.

नुकत्याच आलेल्या, घरच्यांशी बोलायला आवडणाऱ्या मुलीला मी हेड स्टार्ट सुचवते. तिथं तीन वर्षांत कुटुंबं जेवढी कळतात तेवढी शाळेत दहा वर्षांतही कळत नाहीत. पुढं शिक्षिकेचं प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर शाळा, आणि कानाचं, नजरेचं लक्ष स्वतःहून ठेवायची तयारी. द्विभाषी वर्गात सहायकाची जागा निघाली आणि मागं राहून काम करायला मन तयार असेल, तर ती सोडू नका.

मुलाखतीला जाल तेव्हा एक विचारा: भाषा बोलणारे आजी-आजोबा वर्गात आठवड्यातून किती तास बसतात, आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात का?