खोकी त्याने नेली, आणि घराच्या चाव्याही

घरात स्मार्ट दिवे-कॅमेरे बसवायचं काम संपल्यावर तो बसवणारा मुलगा हॉलमधला सगळा पसारा स्वतः उचलून घेऊन गेला. थर्मोकोलचे तुकडे, वायरींची टोकं, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि झाडून सगळी खोकी. "काकू, तुम्ही कुठे एवढं घेऊन घंटागाडीमागे पळणार? मी टाकतो ना." मला इतकं बरं वाटलं की जाताना त्याच्या हातात मी चिवड्याची पिशवी ठेवली.

पुढे पैसे गेले ते गेलेच, पण मला खरी नडली ती ही खोकी. (खोकी म्हटलं की आपल्या राज्यात लोक गालातल्या गालात हसतात. ही पुठ्ठ्याची होती.)

आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. इमारत १९९८ सालची, घर दोन बेडरूमचं आणि राहणाऱ्या दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. ह्यांना जाऊन ४ वर्षं झाली, मुलगी पुण्याला. सासूबाई ८४ वर्षांच्या. गेल्या पावसाळ्यात रात्री बाथरूमला जाताना अंधाऱ्या पॅसेजमध्ये त्या अडखळून पडल्या. हाड मोडलं नाही, पण मनगट सुजलं आणि माझी झोप उडाली. पॅसेजमध्ये माणूस आला की दिवा आपोआप लागावा, आणि मी भाजीला गेले तर त्या मला फोनवर दिसाव्यात, एवढीच माझी गरज होती.

तेवढ्यात पेपरातून एक पत्रक पडलं. एका दिवसात घर स्मार्ट करून देतो म्हणे. फोन केला तर तासाभरात मुलगा हजर. सुटकेससारखी पेटी उघडली, तिच्यात छोटा बोर्ड, दोन दिवे, एक चिमुकला पंखा. तोंडाने सांगितलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा. सासूबाई हातातली जपमाळ विसरून बघत बसल्या. दोन दिव्यांच्या गरजेचं बघता बघता पॅकेज झालं: चार बोर्डांत बटणांमागे बसवायची स्मार्ट मॉड्यूल (फोनवरून बटण चालवणाऱ्या छोट्या डब्या), ६ बल्ब, सेन्सर, दारावर एक कॅमेरा, हॉलमध्ये मान वळवणारा दुसरा, बोलणारा स्पीकर, गिझरचं बटण आणि 'लाइफटाइम क्लाउड', म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण इंटरनेटवर कंपनीकडे साठवायची सोय. ५८,००० रुपये. मग त्याने टेस्टर काढला, दोन बोर्डांत घातला आणि तोंड पाडून म्हणाला, "काकू, तुमच्या जुन्या बिल्डिंगला बोर्डात न्यूट्रलच नाही. घरभर ओढावी लागेल." न्यूट्रल म्हणजे वीज परत नेणारी वायर. त्याचे आणखी ११,०००.

मी निवृत्त झाले ती लेखा शाखेतून. बिलावर जीएसटी क्रमांक नाही, तारखेत खाडाखोड आहे, असलं एकही बिल माझ्या टेबलावरून पुढे सरकलेलं नाही. आणि हाच मुलगा जेव्हा म्हणाला, "पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर लागतील," तेव्हा मी काय म्हणाले असेन? "राहू दे रे, बिल काय करायचंय." बारा हजार वाचवल्याच्या आनंदात त्याच्या मोबाइल नंबरवर यूपीआयने ६९,००० पाठवले. लोभ माझाच होता, तो त्याच्या खात्यावर टाकत नाही.

खरा डाव पडला तो जोडणीच्या वेळी. प्रत्येक बल्ब, प्रत्येक कॅमेरा पहिल्यांदा फोनमधल्या ॲपला जोडावा लागतो. मी माझा फोन पुढे केला तर म्हणाला, "तुमचा फोन स्लो आहे काकू, मध्येच अडकेल. मी माझ्यावर जोडतो आणि तुम्हाला शेअर करतो. सेमच असतं." मला खरंच सेम दिसलं. माझ्याही फोनवर दिवे लागत होते, कॅमेरा दिसत होता. ज्याच्या खात्यावर उपकरण पहिल्यांदा जोडलं जातं तो त्या ॲपमधला मालक, बाकीचे पाहुणे, आणि मालक पाहुण्याला कधीही बाहेर काढू शकतो, हे मला कोणी सांगायचं? फ्लॅट माझा, मेंटेनन्स मी भरते, आणि सातबाऱ्यावर नाव त्याचं, असा तो प्रकार होता.

पहिला महिना मजेत गेला. सासूबाई स्पीकरला "अहो बाई, दिवा लावता का जरा" असं अदबीने म्हणायच्या. ते यंत्र हिंदी-इंग्रजीवालं, ते गप्प. शेवटी त्याच शिकल्या, "लाइट ऑन करो". मग एका रात्री ३ वाजता वीज गेली, पाच मिनिटांनी आली, आणि घरातले सहाच्या सहा बल्ब एकदम भक्कन पेटले. मी दचकून उठले, सासूबाईंना वाटलं कोणीतरी घरात शिरलं. सकाळी त्याला फोन केला तर म्हणे व्होल्टेजचा फॉल्ट आहे, येऊन बघतो. आला, दोन मिनिटं स्वतःचा फोन चाळला आणि ८०० रुपये घेऊन गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा ८००. वीज परत आल्यावर बल्बने पेटायचं, विझलेलं राहायचं की आधी होता तसाच राहायचं, ही त्या ॲपमधली एक साधी सेटिंग आहे. ती बदलायला पैसे लागत नाहीत, मालकाचा फोन लागतो.

'लाइफटाइम क्लाउड' तिसाव्या दिवशी संपलं. कंपनी नवीन कॅमेऱ्याबरोबर महिनाभर जे चकटफू देते, तेच त्याने मला ४,००० ला विकलं होतं. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घातलं की चित्रण त्यातच साठतं, क्लाउडची सक्ती नसते. आमच्या कॅमेऱ्यात कार्डाची खाच रिकामी होती.

एक गोष्ट लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. एका दुपारी आम्ही दोघी हॉलमध्ये वाल सोलत बसलो होतो. माझा फोन आत चार्जिंगला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा बघ मान वळवतोय." खरंच, टीव्हीच्या वरचा कॅमेरा आमच्याकडून हळूच बाल्कनीकडे वळला, थांबला आणि परत आला. आम्ही हसलो. हलणाऱ्या माणसामागे आपोआप वळणारे कॅमेरे असतात, हे मला आता माहीत आहे, पण त्या वेळी बाल्कनीत कोणीच नव्हतं. तो मुलगा बघत होता असं मी सिद्ध करू शकत नाही. पण बघू शकत होता, दिवसाचे चोवीस तास, दोन एकट्या बायकांच्या घरात. ऊन लागतं म्हणून सासूबाई त्याच हॉलमध्ये खिडकीशी केस पुसत बसतात.

चौथ्या महिन्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आला: वार्षिक देखभाल ६,०००, न भरल्यास सर्व्हर बंद होईल. मी कळवलं, आधी गिझरच्या बटणाला जळका वास येतोय तो बघा, मग बोलू. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप उघडलं तर रिकामं. दिवे नाहीत, कॅमेरा नाही, फक्त एक ओळ, मला त्या घरातून काढून टाकण्यात आलं आहे. स्वतःच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून मी ती ओळ तीनदा वाचली.

मुलीला फोन लावला. ती आधी ओरडली, मग म्हणाली, "आई, बाकी सगळं राहू दे, दोन्ही कॅमेऱ्यांच्या पिना आत्ता काढ." काढल्या. मग तिने फोनवरूनच राउटरचा वायफाय पासवर्ड बदलून घेतला. पासवर्ड बदलल्याबरोबर त्याच्या खात्यावरची सगळी उपकरणं इंटरनेटवरून तुटली, आमच्या घरापुरता तो आंधळा झाला. इतकं सोपं होतं! असं कोणावर आलं तर भांडण, तक्रार सगळं नंतर. आधी पिन, मग पासवर्ड. राउटरच्या सेटिंगचा पासवर्डही बदला, तो बहुतेक घरांत पहिल्या दिवसापासून तसाच असतो.

दुपारी आमच्या नेहमीच्या वायरमनमामांना बोलावलं. ह्यांच्या वेळेपासूनचे ते. सुरुवातीलाच त्यांना का नाही विचारलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पत्रक गुळगुळीत कागदाचं होतं, बाकी काय! त्यांनी हॉलचा बोर्ड उघडला, होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब काढला, एक वायर फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीला, दुसरी आतल्या काळ्या वायरीला. बल्ब लागला. "वहिनी, ही न्यूट्रल. ज्या बोर्डात प्लग आहे त्याला न्यूट्रल असतेच, नाहीतर तुमची इस्त्री इतकी वर्षं चालली कशी?" टेस्टर फक्त फेजला लागतो, न्यूट्रलला तो लागतच नाही. त्याने मला न लागणारा टेस्टर दाखवून ११,००० काढले होते. घरात नुसत्या बटणांचा, प्लग नसलेला बोर्ड एकच, बाथरूमबाहेरचा. तिथे मात्र न्यूट्रल खरंच नव्हती आणि तेवढी त्याने ओढली होती. मामांच्या हिशेबाने मजुरीसकट ६००-७०० चं काम.

मग गिझर. मामांनी बटणामागचं मॉड्यूल बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. काड्यापेटीएवढं, पांढरं, एका कोपऱ्याला पापडासारखं फुगून तपकिरी झालेलं. त्यावर १० अँपिअर छापलेलं होतं. आमचा गिझर ३,००० वॉटचा, २३० व्होल्टला तो १३ अँपिअर ओढतो. रोज सकाळी ते भाजत होतं आणि मी उदबत्तीचा वास समजत होते. पैशांचं काय, पैसे परत मिळवता येतात. गिझर, एसी असल्या जड उपकरणांना निदान १६ अँपिअरचं बटण लागतं. कोणी कितीही स्मार्ट म्हणो, अंगावर छापलेला आकडा चष्मा लावून वाचा.

रविवारी मुलगी आली आणि आम्ही उरलेलं घर सोडवायला बसलो. बल्ब तीनदा भराभर बंद-चालू केला की लुकलुकायला लागतो, म्हणजे जुनं सगळं विसरून नव्या ओळखीला तयार. तसे ते माझ्या नव्या खात्यावर आले. आधी चार वेळा जोडणी फसली, कारण आमचा राउटर ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ असं दोन प्रकारचं वायफाय देतो, माझा फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर होता आणि असल्या स्वस्त बल्बांना २.४ गिगाहर्ट्झच समजतं. राउटरमध्ये दोन्हींना वेगवेगळी नावं दिली आणि फोन २.४ वर घेतल्यावर पहिल्या झटक्यात जोडलं गेलं. फोन स्लो नव्हता हो!

कॅमेरे मात्र हटून बसले. दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे, त्या खात्यातून काढा, एवढंच म्हणायचे. चोरलेला कॅमेरा कोणी वापरू नये म्हणून ही सोय असते, इथे ती चोराच्याच कामी आली. कंपनीच्या मदत केंद्राने नम्रपणे तीन गोष्टी मागितल्या: बिल, खोक्यावरचा अनुक्रमांक, खोक्याचा फोटो. बिल मी बारा हजार वाचवून घेतलंच नव्हतं. खोकी घंटागाडीत. अनुक्रमांक कॅमेऱ्याच्या बुडाशी असतो, तिथे फक्त चिकट डाग होता.

तेव्हा कुठे कळलं की तो कचरा का उचलत होता. खोक्यावर एमआरपी असते, आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता असतो, महिना-वर्ष असतं. १,४५० ला लावलेला बल्ब बाजारात ५५० ला मिळतो हे मला खोक्यावरूनच कळलं असतं. वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकत्र जोडायची 'मॅटर' नावाची जी पद्धत २०२२ पासून आली, तिच्या उपकरणांना तर जोडणीचा ११ आकडी कोड असतो, तो उपकरणावर किंवा सोबतच्या कागदावर छापलेला. तो कोड गेला तर नवीन जोडणी जवळजवळ अशक्यच. हे कागद किल्लीसारखेच ठेवायचे असतात, आणि मी किल्ली देताना चिवडाही दिला.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवली. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३० ला लगेच फोन करायचा असतो, मी जागी झाले ती चौथ्या महिन्यात. ठाण्यातल्या हवालदारांनी त्याला माझ्यासमोर एक फोन केला. दहा मिनिटांत दोन्ही कॅमेरे मोकळे झाले. पैशांबद्दल मात्र तो "बघतो" म्हणाला, तो अजून बघतोच आहे. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार क्रमांक मिळाला, पण पुढे कोणाला लिहिणार, दुकानाला पत्ताच नव्हता. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिल नाही म्हणून मी खचले होते, पण यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचे मेसेज, पत्रक आणि ते भाजलेलं मॉड्यूल, सगळं जोडलं. पत्रक सापडलं ते सासूबाईंच्या पोथीत, खूण म्हणून. तारीख लागली आहे.

दारावरचा कॅमेरा आता माझ्या ईमेलवर, माझ्या पासवर्डने चालतो, आत कार्ड आहे आणि मुलगी पाहुणी आहे. हॉलमधला काढून टाकला. पॅसेजमध्ये मामांनी सेन्सरचा साधा बल्ब लावला, ३८० रुपये. त्याला वायफाय लागत नाही, ॲप नाही. सासूबाई उठल्या की लागतो, मिनिटभराने विझतो. त्याचं खोकं माळ्यावर आहे, बिल आत घडी करून ठेवलंय. गेल्या रविवारी रद्दीवाला मागत होता, दिलं नाही.