संगणकासाठी गेमपॅड घेताना आधी स्टिक पाहा

माझ्या पहिल्या गेमपॅडची डावी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, चौदाव्या महिन्यात सरकू लागली. शर्यतीच्या गेममध्ये सरळ रस्त्यावर अंगठा उचलला तरी गाडी सावकाश डावीकडे ओढली जायची, आणि मेनू उघडला की निवडीची चौकट आपोआप एकेक ओळ वर चढत जायची. वॉरंटी एका वर्षाची होती, त्यामुळे कंपनीकडून काही मिळण्याचा प्रश्न नव्हता. पॅड उघडून, स्टिकचे मूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तो आणखी दोन महिने चालवला, पण दुखणे परत आले. नवा पॅड घेताना लक्षात आले की बटणे किती, दिवे कोणत्या रंगाचे आणि कंपन किती जोरदार याबद्दल खोक्यावर भरपूर मजकूर असतो, मात्र सर्वांत आधी झिजणारा भाग म्हणजे स्टिक, आणि तिच्या आत काय बसवले आहे हे बारीक अक्षरांत शोधावे लागते. त्यानंतर घरात तीन पॅड नियमित वापरात आले: मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वायरलेस कंट्रोलर, सोनीचा ड्युअलसेन्स आणि गेमसर कंपनीचा जी७ एसई. तिन्ही विंडोजच्या संगणकावर वापरले असल्याने पुढचे मत त्या वापरापुरते आहे.

स्टिक सरकण्याला खेळणारे लोक ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. बहुतेक पॅडच्या स्टिकखाली एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. स्टिक हलली की धातूची बारीक पट्टी कार्बनच्या पट्ट्यावर घासत सरकते, आणि त्या जागेवरून मिळणाऱ्या विद्युतदाबावरून स्टिक कुठे आहे हे पॅडला कळते. म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याच्या गोल बटणाचेच हे तत्त्व, आणि जुन्या रेडिओचे बटण फिरवताना जशी खरखर ऐकू येते तसाच बिघाड इथेही होतो. हजारो वेळा घासून कार्बन झिजतो, त्याची पूड आतच साचते, आणि स्टिक मध्यावर असूनही पॅड वेगळाच आकडा पाठवू लागतो. एका अर्थी यात कोणा एका कंपनीचा दोष नाही, हा त्या रचनेचाच स्वभाव आहे, आणि म्हणूनच महागडा पॅड घेतला म्हणजे यातून सुटका झाली असे मानता येत नाही.

गेम तयार करणाऱ्यांना हे ठाऊक असते. विंडोजवर पॅड वाचण्याची जी सर्वाधिक वापरातली पद्धत आहे, तिला एक्सइनपुट म्हणतात, आणि ती २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० या गेमयंत्राच्या कंट्रोलरबरोबर रूढ झाली. तिच्यात स्टिकचा आकडा मध्यापासून एका टोकाला ३२,७६७ पर्यंत जातो. मध्याभोवतीचा जो भाग गेमने दुर्लक्षित करायचा, त्याला ‘डेडझोन’ म्हणतात, आणि मायक्रोसॉफ्टने गेम लिहिणाऱ्यांसाठी सुचवलेला डेडझोन डाव्या स्टिकसाठी ७,८४९ तर उजव्या स्टिकसाठी ८,६८९ आहे. हिशोब केला तर स्टिकच्या एकूण प्रवासाचा जवळजवळ पाव भाग गेम ऐकतच नाही. धावणे किंवा उडी मारणे असेल तर याने काही बिघडत नाही, परंतु घाटातल्या वळणावर गाडी केसभर वळवायची असते किंवा दुर्बिणीतून नेम धरायचा असतो, तेव्हा बोटाची नेमकी तीच हलकी हालचाल वाया जाते. डेडझोन कमी करण्याची सोय अनेक गेममध्ये असते, पण तो कमी करण्याचे धाडस स्टिक शाबूत असेपर्यंतच करता येते. झिजलेल्या स्टिकवर उलट तो वाढवत न्यावा लागतो, आणि पॅड दर महिन्याला थोडा थोडा बोथट होत जातो.

यावरचा उपाय जुना आहे. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या धातूजवळ चुंबक आणला की त्यात आडवा विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधले, म्हणून त्याला ‘हॉल इफेक्ट’ म्हणतात. त्या तत्त्वावर चालणाऱ्या स्टिकमध्ये एक चुंबक हलतो आणि समोरचा संवेदक त्याची जागा ओळखतो, मोजमापासाठी काहीच कशाला घासत नाही. जपानमध्ये १९९८ साली आलेल्या सेगाच्या ड्रीमकास्ट या गेमयंत्राच्या कंट्रोलरमध्ये अशी स्टिक होती, तरीही पुढची वीसेक वर्षे बहुतेक उत्पादक स्वस्त पोटेन्शिओमीटरवरच थांबले, याचे मला आजही वाईट वाटते. आता टीएमआर नावाचे, कमी वीज खाणारे चुंबकीय संवेदकही काही पॅडमध्ये येऊ लागले आहेत. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी: ‘हॉल इफेक्ट’ हे दोन शब्द खोक्यावर दिसले म्हणजे ते स्टिकबद्दलच असतील असे नाही. ट्रिगरला, म्हणजे वरच्या कडेला तर्जनीने दाबायच्या बटणाला, हॉल संवेदक आणि स्टिकला साधे पोटेन्शिओमीटर ही जोडी सर्रास आढळते. खुद्द एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचे ट्रिगर चुंबकावर चालतात आणि स्टिक पोटेन्शिओमीटरवर. दुकानदाराला विचारायचे ते नेमके ‘स्टिक हॉलच्या आहेत का’ असेच विचारावे.

गेमसरचा जी७ एसई मी याच कारणासाठी घेतला. त्याच्या स्टिक आणि ट्रिगर दोन्ही हॉल इफेक्टचे आहेत, आणि एक्सबॉक्सचा अधिकृत परवाना असल्याने विंडोज तो लावताक्षणी ओळखते, वेगळे काही बसवावे लागत नाही. हा पॅड फक्त वायरवर चालतो. अनेकांना ही उणीव वाटेल, पण टेबलाशी बसून खेळणाऱ्याला वायरचा त्रास होत नाही आणि तिच्यामुळे बॅटरी, चार्जिंग, ब्लूटूथचे तुटणे या तिन्ही कटकटी एकदम संपतात. वायर पॅडपासून सुटी होते, त्यामुळे ती खराब झाली तरी पॅड बाद होत नाही. मागच्या बाजूला बोटांखाली दोन जादा बटणे आहेत आणि ती नको असतील तर छोट्या खटक्याने बंद करता येतात. हा खटका मला फार मोलाचा वाटतो, कारण नव्याने पॅड धरणारा माणूस घाबरून मूठ आवळतो आणि नको तेव्हा मागची बटणे दाबली जातात. माझ्या भाच्याला पहिल्या दिवशी हेच झाले, खटका सरकवला आणि प्रश्न मिटला. नियमित वापरानंतर आजही मी स्टिकचा डेडझोन अगदी थोडा ठेवून खेळू शकतो. स्टिकची स्प्रिंग मात्र याही पॅडमध्ये आहेच, आणि स्प्रिंग सैल पडली तर मध्य थोडा ढळू शकतो. हॉलच्या स्टिकला कधीच काही होणार नाही, असा दावा कोणी केला तर तो मान्य करू नये.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरची बाजू पकडीची आहे. एवढ्या वर्षांच्या सुधारणांतून त्याचा आकार असा उतरला आहे की मोठ्या आणि लहान अशा दोन्ही हातांत तो बसतो, आणि पडद्यावर गेम ज्या बटणांची चित्रे दाखवतो तीच हातातही असतात. २०२० च्या आवृत्तीत डी-पॅड, म्हणजे चार दिशांचे बटण, नवा आला, तो बशीसारखा खोलगट असून वर अधिक चिन्ह उठून दिसते, आणि प्रत्येक दाबाला टक् असा ठळक आवाज येतो. रात्री घरातले झोपले असताना तो आवाज शेजारच्या खोलीत जातो, हेही नोंदवले पाहिजे. हा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर चालतो. काहींना हे मागासलेपण वाटते, मला हा शहाणपणाचा निर्णय वाटतो, कारण आत बंदिस्त असलेली बॅटरी तीन-चार वर्षांनी थकते तेव्हा पॅड उघडावा लागतो, तर इथे पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलच्या दोन जोड्या ठेवल्या की काम भागते. सेल आत ठेवून पॅड महिनोन्‌महिने कपाटात मात्र टाकू नये, साधे सेल पाझरतात आणि धातूच्या पट्ट्या खातात. ब्लूटूथने तो संगणकाला जोडता येतो, पण कंट्रोलरच्या खाचेत लावलेल्या हेडफोनला तेव्हा आवाज मिळत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा वेगळा यूएसबी अडॅप्टर किंवा वायर लागते. जुना वापरलेला एक्सबॉक्स कंट्रोलर घेत असाल तर मधल्या लोगोच्या बटणाभोवतीचे प्लास्टिक पाहा: ते पुढच्या मुख्य भागाशी अखंड असेल तर ब्लूटूथ आहे, आणि वरच्या बंपरच्या, म्हणजे ट्रिगरलगतच्या बटणांच्या, पट्टीशी जोडलेले असेल तर तो ब्लूटूथ नसलेला आधीचा नमुना आहे.

ड्युअलसेन्स ही वेगळीच वस्तू आहे. त्याचे ट्रिगर गेमच्या प्रसंगाप्रमाणे घट्ट होतात, धनुष्य ताणताना बोटाला खरोखर ताण जाणवतो, आणि कंपन नुसते थरथरणे न राहता पावसाचे थेंब वेगळे आणि खडीवरचे चाक वेगळे असे तळहाताला ओळखू येते. पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा मी खेळ थांबवून बराच वेळ नुसता रेताडावरून चालत राहिलो होतो. परंतु संगणकावर हे सुख सर्वत्र मिळत नाही. ज्या गेममध्ये त्याची खास सोय केली आहे तिथेच ते मिळते, आणि तेही बहुतेक वेळा यूएसबी वायर लावल्यावर. इतर गेमसाठी स्टीम या गेम विकणाऱ्या मंचातील स्टीम इनपुट ही सोय त्याला एक्सइनपुटचा पॅड म्हणून पुढे करते. मग पडद्यावर ‘ए दाबा’ असे येते आणि हातातल्या पॅडवर ए नावाचे बटणच नसते. सराव झाला की अडत नाही, पण घरात पाहुणे खेळायला बसले की दरवेळी समजावून सांगावे लागते. त्यातील बॅटरी १,५६० एमएएच इतकीच आहे, त्यामुळे तो वायरवरच वापरणे बरे. आतील जायरो, म्हणजे पॅड तिरका केल्याचे ओळखणारा संवेदक, मात्र मला मनापासून आवडतो: स्टिकने नेम ढोबळ साधायचा आणि मनगट किंचित वळवून तो अचूक करायचा, ही सवय लागली की साधा पॅड अपुरा वाटू लागतो. एक्सइनपुटमध्ये जायरोला जागाच नाही, म्हणून यासाठीही स्टीम इनपुट लागते.

पकडीवरच्या रबरासारख्या मऊ लेपाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरेदीच्या चर्चेत तो विषय निघत नाही. माझे घर रत्नागिरीत आहे. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत इतका ओलावा असतो की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. माझ्या त्या पहिल्या पॅडला असा मऊ लेप होता. दुकानात तो हाताला मखमलीसारखा लागला आणि त्याच मोहात मी तो घेतला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर लेप चिकट झाला, बोटांना गुळाच्या पाकासारखा लागू लागला, त्यावर धूळ बसून काळे पट्टे उमटले आणि अल्कोहोलने घासल्यावर तो सोलून निघाला. अशा लेपातील पॉलियुरेथेन ओलाव्याने हळूहळू विघटित होते, ते धुऊन पूर्ववत होत नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहणाऱ्याने पकडीवर लेप नसून प्लास्टिकमध्येच कोरलेली बारीक खरबरीत नक्षी आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. वर सांगितलेल्या तिन्ही पॅडची पकड अशी नक्षीची आहे.

बोट फिरवून पाहायचे तर दुकानात जावे लागते, आणि आमच्या गावात हे पॅड मांडून ठेवणारे दुकान नाही. मुंबईला गेलो की ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मी तासभर काढतो. तिथे विनंती केली तर काही दुकानदार खोके उघडून पॅड हातात देतात. दोन्ही अंगठे स्टिकवर ठेवून तर्जनी ट्रिगरवर सहज पोहोचते का, आणि अंगठा डाव्या स्टिकवरून डी-पॅडवर नेताना पकड सोडावी लागते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. एक्सबॉक्स आणि जी७ एसईमध्ये डावी स्टिक वर आणि उजवी खाली असते, ड्युअलसेन्समध्ये दोन्ही खाली समोरासमोर असतात. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, हात ज्याला सरावला तो बरा.

पॅड घरी आला की त्याच दिवशी तपासावा, परत करण्याची मुदत संपायची वाट पाहू नये. विंडोजचे बटण आणि आर एकदम दाबून येणाऱ्या चौकटीत ‘जॉय डॉट सीपीएल’ इंग्रजी अक्षरांत लिहिले की पॅडची यादी उघडते, आणि त्यातील गुणधर्मांत एक चौकोन व त्यात छोटी फुली दिसते. स्टिक कडेने सावकाश गोल फिरवा, फुली चौकोनात अखंड फिरली पाहिजे, मध्येच उडी मारता कामा नये. मग स्टिक चारही दिशांना ताणून अचानक सोडा आणि दर वेळी फुली त्याच जागी परत येते का ते पाहा. एक्सइनपुटचे दोन्ही ट्रिगर या चौकटीत एकाच पट्टीवर दाखवले जातात, त्यामुळे दोन्ही एकदम दाबले की पट्टी मध्यावर येऊन थांबते. हे पाहून पॅड बिघडलेला आहे असे समजून परत करणारे लोक मला ठाऊक आहेत. तो बिघाड नसून जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीत दिसण्याची ती रीत आहे, गेममध्ये दोन्ही ट्रिगर वेगवेगळेच चालतात.

टेबलाशी बसून मुख्यतः शर्यत, फुटबॉल आणि मारामारीचे गेम खेळणाऱ्याला मी जी७ एसई घ्या असे सांगेन, आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीला संगणक जोडून चार जण मिळून खेळणार असतील तर एक्सबॉक्सचा. ड्युअलसेन्स मी त्यालाच सुचवेन ज्याच्या आवडीच्या गेममध्ये त्याची खास सोय आहे, आणि हे विकत घेण्याआधी त्या गेमच्या स्टीमवरील पानावर कंट्रोलरच्या रकान्यात पाहता येते. आमच्याकडे सध्या टेबलावर जी७ एसई कायम जोडलेला असतो, आणि भाचा सुट्टीत आला की एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दोन सेल टाकून तो दुसऱ्या खेळाडूच्या हाती जातो.