एका दिवसात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायचे : ऐरोलीची खाडी की पैठणचा नाथसागर?

जालन्याच्या वहिनींचा परवा फोन आला. "पोरांना समुद्राकडचे पक्षी दाखवायचेत, रविवार एकच मोकळा आहे. मुंबईला न्यावं की पैठणलाच जावं?" मी दोन्ही ठिकाणी पोरांना घेऊन गेलो आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी 'एक दिवस' म्हणजे किती ते बघा. नवी मुंबईतल्या ऐरोलीला जायचं तर शनिवारी रात्री देवगिरी एक्सप्रेस, सकाळी ठाण्याला उतरून ऐरोलीची लोकल, आणि रविवारी रात्री परतीची देवगिरी. दिवस एक, पण रात्री दोन, आणि सोमवारी पोरांची शाळा बुडते. जून 2025 पासून समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाल्याने गाडीनेही जाता येतं. मात्र पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच, आणि रात्री परत गाडी हाकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. पैठण संभाजीनगरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी.

आता दिसतं काय ते. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य 2015 साली जाहीर झालं. 1,690 हेक्टरच्या त्या पट्ट्यात निम्म्याहून जास्त कांदळवन आहे. ऐरोलीच्या केंद्रातून बोट निघते आणि गाईड बोटीतच असतो. हंगाम नोव्हेंबर ते मे. गर्दी जास्त करून छोट्या रोहितांची. चोच उलटी करून शेवाळ गाळून खाताना ते इतक्या जवळून दिसतात की पोरं बोलायची थांबतात. कडेच्या चिखलात निवट्या उड्या मारत असतात. पाण्याबाहेर निघून चिखलावर सरपटणारा मासा आपल्याकडच्या पोरांनी कधी पाहिलेला नसतो. माझ्या मुलीच्या लक्षात रोहितांपेक्षा निवटीच जास्त राहिली.

बोटीची वेळ मात्र तुमच्या सोयीवर ठरत नाही, ती भरती-ओहोटीवर ठरते. भरती रोज साधारण पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी उपयोगाची नाही. मी एकदा तारीख बघितली, वेळ बघितली नाही. सकाळी आठला पोचलो आणि बोट दुपारची निघाली. लहान मुलांना घेऊन फलाटावर काढलेले ते तास अजून आठवतात. म्हणून आधी बोटीची वेळ ठरवून बुकिंग करा, मगच रेल्वेचं तिकीट काढा.

नाथसागराला भरती नाही, पण तिथलाही सगळा हिशोब पाण्याच्या खोलीवरच आहे. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पसरट. अभयारण्य 1986 चं, 341 चौरस किलोमीटरचं. पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं की आपल्याला आनंदच होतो, होणारच. पण त्या वर्षी उथळ काठ उशिरा उघडे पडतात आणि पक्षी दूरवर पांगतात. रोहिताला गुडघाभर पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. पाणी जसजसं उतरतं तसा तो गाळ वर येतो, म्हणून भरलेल्या वर्षी रोहितांसाठी फेब्रुवारी-मार्चची वाट बघावी. इथे येतो तो बहुतेक मोठा रोहित, उंच आणि फिकट गुलाबी. दिसेलच असं मात्र कोणी छातीठोक सांगू नये.

रोहित नाही दिसला तरी हिवाळ्यात नाथसागर रिकामा नसतो. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, जोडीने फिरणारे चक्रवाक, लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे, चित्रबलाक, आणि काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी. नाथांच्या पैठणात पाण्यावर वारकऱ्यांचे थवे बघताना मला दरवेळी भरून येतं.

इथे खरी अडचण गाईडची. खाडीत तो तिकिटाबरोबरच मिळतो, इथे आधी शोधून, फोन करून पक्का करावा लागतो. पहिल्यांदा आम्ही गाईडशिवाय गेलो, तेही अकरा वाजता. उन्हाच्या झळांत पाण्यावर फक्त काळे ठिपके. पोरगी अर्ध्या तासात कंटाळली. पुढच्या वेळी एक जाणते पक्षीमित्र सोबत होते, तिपाईवरची दुर्बीण घेऊन, उजाडायच्या आत. त्याच ठिपक्यांतून त्यांनी तिला सतरा जाती मोजून दाखवल्या. एवढा फरक पडतो. गाईड मिळाला नाही तर तारीख पुढे ढकला, पण तसंच जाऊ नका. आणखी एक, काठाकडे जाणारी वाट बऱ्याचदा गाळपेरीच्या, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या गाळात घेतलेल्या पिकांतून जाते. शेतकऱ्याला विचारून बांधावरूनच चाला, आणि ओल्या गाळात पोरांना उतरू देऊ नका, पाय रुततो.

तिसरा मार्ग नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. मनोरे आणि गाईड जागेवर असतात. संभाजीनगरहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गाडीने एका दिवसात जमतं. कोकण किनाऱ्यावरच्या वेळासची कासवं मात्र या हिशोबात धरू नका. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्राकडे सोडतात, त्यासाठी मुक्काम हवाच.

वहिनींना मी सांगितलं ते असं. धाकटा पाच वर्षांचा आहे आणि सोबत आजी आहेत, तर यंदा जानेवारीत नाथसागर, रोहित दिसो न दिसो. पोरांना दुर्बिणीतून बघायची सवय लागू द्या. थोरली सहावीत गेली की मार्चमध्ये ऐरोली. तेव्हा निवटी आणि भरती-ओहोटी तिच्या डोक्यात नीट बसेल. पोरं मोठी असतील आणि त्यांनी समुद्र पाहिलेलाच नसेल, तर मी थेट खाडीच निवडेन. वहिनी विचारत होत्या, डबा काय न्यायचा? दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि माणशी दोन लिटर पाणी, कारण जानेवारीतही काठावर सावली नसते.