तंगूस, ब्रेडेड की फ्लुरोकार्बन? आठ महिने तिन्ही वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत मी मासेमारीला सगळीकडे एकच तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा, वापरत होतो. मासा निसटला की गळ बदलायचो, आमिष बदलायचो, जागा बदलायचो. दोऱ्यावर पहिल्यांदा शंका आली ती एका पहाटे, लागोपाठ तीन चांगले मासे दोरा तोडून गेले तेव्हा. त्यानंतर तीन स्पूल, म्हणजे रीलवर दोरा गुंडाळायच्या चकत्या, नव्याने भरले. एकावर 0.30 मिलिमीटरचा नायलॉनचा तंगूस, दुसऱ्यावर साधारण तेवढ्याच जाडीचा फ्लुरोकार्बन नावाच्या प्लास्टिकचा दोरा, तिसऱ्यावर 20 पौंडी ब्रेडेड, म्हणजे 20 पौंड ओढ सोसणारा विणलेला दोरा. रॉड तोच, 3000 मापाचं स्पिनिंग रीलही तेच. बदलायचा तो फक्त दोरा.

तंगुसाबद्दल आधी, कारण त्याला हल्ली उगाच जुनाट ठरवतात. त्याचा मोठा गुण म्हणजे तो ताणतो. काठाजवळ आल्यावर मासा जी शेवटची धडपड करतो, डोकं झटकतो, खाली मुसंडी मारतो, तो सगळा हिसका तंगूस आपल्या अंगावर घेतो. गळ ओठाच्या पातळ कातडीत जेमतेम अडकलेला असेल तर हाच ताण मासा हातात आणून देतो. आमिष लावून, शिसं तळाला टाकून वाट बघत बसायचं असेल तर मी आजही तंगूसच घेतो. गाठ पटकन बसते, गुंता झाला तर सुटतो, बोटं कापत नाहीत. नव्याने शिकणाऱ्याच्या हातात दुसरं काही देऊच नये असं माझं ठाम मत आहे.

पण तोच ताण लांबच्या टप्प्यात आड येतो. पन्नास मीटरवर मासा आमिषाला तोंड लावतो आणि रॉडच्या शेंड्याला काही कळतच नाही. कळेपर्यंत गळ रिकामा. दुसरं म्हणजे नायलॉन पाणी पितं. बॅग तोलायच्या हातकाट्याला बांधून मी हे तपासलं. कोरडा तुकडा पाकिटावरच्या आकड्याच्या आसपास तुटला, रात्रभर भिजवलेला त्याच्या बराच आधी. उन्हानेही नायलॉन कमजोर होतं. पाचव्या महिन्यात स्पूलवरचा वरचा थर हाताला खरखरीत लागायला लागला, चमक गेली होती. तेवढा भाग कापून टाकला.

फ्लुरोकार्बनकडून माझ्या सगळ्यात जास्त अपेक्षा होत्या. 1971 साली जपानच्या कुरेहा कंपनीने तो मासेमारीसाठी बाजारात आणला. त्याचं नाव झालं ते पाण्यात दिसत नाही म्हणून. यात तथ्य आहे: पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) 1.33, फ्लुरोकार्बनचा साधारण 1.42, नायलॉनचा 1.5 च्या पुढे. म्हणजे तो नाहीसा होत नाही, नायलॉनपेक्षा कमी चमकतो इतकंच. नितळ, उथळ पाण्यात मला फरक जाणवला. गढूळ पाण्यात काहीच नाही.

मात्र अख्खा स्पूल फ्लुरोकार्बनचा भरणं ही माझ्या मते चूक आहे. निदान स्पिनिंग रीलवर तरी. तो ताठ असतो, गुंडाळीची वेटोळी धरून बसतो आणि फेकताना स्प्रिंगसारखा एकदम सुटतो. पहिल्या दोन आठवड्यांत मासे कमी आणि गुंतेच जास्त सोडवले. तिसऱ्या आठवड्यात तो सगळा उतरवला आणि तेव्हापासून फक्त लीडर म्हणून, म्हणजे मुख्य दोरा आणि गळ यांच्यामधला मीटर-दीड मीटरचा तुकडा म्हणून, वापरतो. तिथे त्याला तोड नाही. दगडावर घासला तरी टिकतो, पाणी शोषत नाही, उन्हाने खराब होत नाही आणि पाण्याच्या पावणेदोन पट जड असल्यामुळे आमिष तळाकडे नेतो.

आता ब्रेडेड. पॉलिएथिलीनच्या बारीक पेडांची ही वेणी. पहिल्यांदा फेकला तेव्हा ल्युअर (नकली आमिष) कुठे पडला हे बघायला मान वर करावी लागली. एवढ्या ताकदीच्या तंगुसापेक्षा तो निम्म्याहून बारीक, त्यामुळे रॉडच्या कड्यांतून सुळकन निघतो. ताणत जवळजवळ नाहीच. तळाला शिसं वाळूवर घासतंय की खडीवर, हे बोटाला कळतं. मासा नुसता हुंगून गेला तरी कळतं. ही जाणीव एकदा हाताला लागली की तंगूस बहिरा वाटतो.

पण सगळ्यात मोठा मासा घालवण्याचा फटकाही मला त्यानेच दिला. दुसऱ्या महिन्यात ब्रेडेड थेट गळाला बांधून खडकाळ जागी बसलो होतो. मासा लागला, जड होता, सरळ खाली गेला. दोरा ताठ. मग बोटाला एक वेगळीच थरथर आली, किर्रर्र अशी, आणि पुढच्या क्षणी रॉड सरळ. दोरा गुंडाळून घेतला तर टोकाला पांढरे तंतू पिंजलेले, कापसाच्या वातीसारखे. सरळ ओढीला एवढा बळकट दोरा ताणलेल्या अवस्थेत दगडाच्या धारेवर आला की बघता बघता कापला जातो. त्या दिवसापासून लीडरशिवाय ब्रेडेड पाण्यात घातलेला नाही.

त्याच्या आणखी दोन खोडी सांगतो. रिकाम्या स्पूलवर थेट भरला की तो फिरतो. रील ओढ देतंय, ड्रॅग (माशाच्या ओढीला दोरा हळूहळू सोडणारा रीलचा ब्रेक) सुटतोय असं वाटतं, प्रत्यक्षात सगळी गुंडाळीच सरकत असते. खाली आठ-दहा वेढे तंगूस घातला आणि त्याला ब्रेडेड जोडला की प्रश्न मिटतो. भरताना ओल्या फडक्यात दाबून, ताण ठेवून भरायचा. सैल भरला तर वरचा दोरा खालच्या थरांत रुततो आणि फेकताना मधेच अडकतो. अडकला तर हाताला गुंडाळून कधीच ओढू नका. काठीला वेढे द्या आणि मग ओढा. माझ्या तर्जनीवर अजून वळ आहे.

ड्रॅगही बदलावा लागतो. तंगुसाच्या सवयीने घट्ट ठेवला तर ताण घ्यायला मधे काहीच नसतं, गळ सरळ होतो किंवा माशाचं तोंड फाटतं. सगळ्यात कमजोर दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, एवढाच मी ठेवतो, तोही डोळ्यांच्या अंदाजाने नाही, काट्याला बांधून.

गाठींवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तोच सगळ्यात कामी आला. तंगुसाला चालणारी क्लिंच गाठ ब्रेडेडवर गुळगुळीतपणामुळे सरकते. पालोमार गाठ बांधली की बसते. ब्रेडेड आणि लीडर जोडायला आधी दोन युनि गाठी समोरासमोर बांधायचो. पक्की, पण कडीतून जाताना टकटक वाजायची. मग एफजी नावाची गाठ शिकलो. महिनाभर रोज संध्याकाळी बांधली तेव्हा कुठे हातात बसली. ती बारीक असते, कडीतून जाताना जाणवत नाही. आणि कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायचीच. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने दोरा भाजतो, फ्लुरोकार्बन तर फारच. गाठीशेजारी पांढुरकी, मुरगळलेली जागा दिसली की कापा, परत बांधा. माझे ते पहाटेचे तीन मासे याच कारणाने गेले होते. एकच कोरडी आवळायची सवय, तीन वेळा.

हे मला कळलं तुटलेली टोकं जपून ठेवल्यामुळे. वहीत चिकटपट्टीने लावून बाजूला तारीख लिहितो. टोक कुरळं, शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटलेली असते. खरवडलेलं, बारीक चरे पडलेलं असेल तर दगड किंवा शिंपला. स्वच्छ कापल्यासारखं असेल तर दात. गुळगुळीत पण गाठीपाशीच तुटलेलं असेल तर गाठ भाजली असं मी धरतो. वहीत आता एकोणीस टोकं आहेत, त्यातली अकरा गाठीची.

पौंडाच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. एक पौंड म्हणजे 0.45 किलो, पण पाकिटावरच्या आकड्यापेक्षा दोरा बराच जास्त किंवा कमी भरू शकतो. जाडी मिलिमीटरमध्ये बघितलेली बरी, विशेषतः ब्रेडेडमध्ये.

सध्या एका स्पूलवर ब्रेडेड आणि पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर, ल्युअर फेकायला. दुसऱ्यावर तंगूस, तळाच्या मासेमारीला. तंगूस दर चार-पाच महिन्यांनी बदलतो. उतरवलेला दोरा वीतभर तुकडे करून घरी आणतो, कारण काठावर पडलेल्या गुंत्यात पाय अडकलेला बगळा मी एकदा सोडवला आहे. ब्रेडेड मात्र अजून तोच. गेल्या रविवारी तो दुसऱ्या स्पूलवर उलटा भरून घेतला. आठ महिने तळाशी दडलेला कोरा, गडद हिरवा भाग आता वर आला आहे आणि विटलेला भाग खाली गेला आहे.