पीएस5 घ्या, पण दुसऱ्या कंट्रोलरसकट

2024 च्या दिवाळीआधी प्लेस्टेशन 5, म्हणजे पीएस5, हे सोनीचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन घेतलं. त्याचं स्लिम, म्हणजे आटोपशीर मॉडेल, डिस्क ड्राइव्हवालं. वर्ष कधीच उलटून गेलं. मशीनने आमच्या धुळ्याच्या घरात एक अख्खा उन्हाळा काढला, पावसाळा काढला. त्यामुळे खोकं उघडताना काय वाटलं ते सांगत बसत नाही, वापरून काय कळलं ते सांगतो. ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी: मशीन उत्तम आहे, घ्या. पण पैशांचा हिशेब मांडताना दुसरा कंट्रोलर त्यातच धरा, 'नंतर बघू' म्हणू नका. या मशीनवर मला सगळ्यात जास्त आनंद दोघांनी मिळून खेळताना मिळाला. आणि हल्ली येणाऱ्या मोठ्या गेमपैकी बहुतेक गेम शेजारी बसलेल्या माणसाला जागाच ठेवत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी आपल्याकडची हवा आणि वीज, कारण हे पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूंमध्ये कोणी सांगत नाही.

सोनीच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे मशीन 5 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरायचं असतं. खानदेशात एप्रिल-मे महिन्यात दुपारी पारा चाळीसच्या पुढे असतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या भिंती रात्री नऊलासुद्धा हाताला गरम लागतात. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्याचा नियम असा: दुपारी मशीन बंद. खेळायचं ते रात्री उशिरा किंवा पहाटे, खालच्या मजल्यावर. टीव्हीच्या कपाटात कोंबायचं नाही, मागे वीतभर जागा मोकळी हवीच. कूलर असेल तर त्याचा झोत थेट मशीनवर येऊ देऊ नका. ती हवा ओलसर असते, आणि आत इलेक्ट्रॉनिक्स आहे. धुळीचंही पाहावं लागतं. स्लिमची बाहेरची पॅनेलं स्क्रू न काढता हाताने निघतात. होळीनंतर एकदा आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा ती काढून पंख्याभोवतीची धूळ मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढतो. पहिल्या वेळी निघालेली धूळ पाहून आई म्हणाली, "एवढी तर माळ्यावरबी नसते."

विजेचं म्हणाल तर लाईट जाणं आपल्याला नवीन नाही. गेम चालू असताना लाईट गेली की पुढच्या वेळी मशीन 'नीट बंद केलं नव्हतं' असा निरोप दाखवतं आणि स्टोरेज तपासत बसतं. एखाद्या वेळी ठीक आहे, पण रोज असं होऊ देऊ नये. रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट चालू ठेवून झोपण्यापेक्षा पूर्ण बंद करून झोपा. मशीन आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतलेत. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा आणि त्याच्या मागचं बटण 'यूपीएस'वर असावं. म्हणजे लाईट गेल्यावर बदल इतका झटपट होतो की गेम अडखळतही नाही. मोठ्या गेममध्ये मशीन दोनशे वॅटच्या आसपास खेचतं, टीव्हीचे वेगळे. त्यामुळे बॅटरी जुनी असेल तर लाईट गेली की सेव्ह करून उठायचं, एवढाच वेळ मिळतो असं धरून चाला.

डिस्कवालं मॉडेलच का, तेही सांगतो. एप्रिल 2024 मध्ये स्लिम भारतात आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत 54,990 रुपये होती आणि बिनडिस्कवाल्याची 44,990. दहा हजारांचा फरक मोठा वाटतो. पण डिस्क खेळून झाली की विकता येते, मित्राला देता येते, त्याची आणता येते. आमच्या ओळखीत चार घरांत पीएस5 आहे आणि डिस्का धुळे, अमळनेर, नाशिक अशा फिरत असतात. नवा मोठा गेम चार-पाच हजारांना असतो, त्यामुळे फरकाचे पैसे लवकर वसूल होतात. शिवाय डिस्कवरून बराचसा डेटा थेट मशीनमध्ये कॉपी होतो, नेटवरून फक्त अपडेट उतरवावं लागतं. शंभर जीबीचा गेम आमच्या नेटवर उतरवायला घेतला की रात्र जाते आणि सकाळी पाहावं तर मध्येच अडकलेला असतो.

आता गेमकडे येतो.

लहानपणी आमच्या गल्लीजवळ व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. आत अंधार, तीन-चार मोठ्या पेट्या, आणि सगळी गर्दी एकाच पेटीपाशी. ती 'मुस्तफा'ची पेटी. पुढे कळलं की गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमने 1993 मध्ये काढलेला, एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला. पण पिवळ्या टोपीच्या मुस्तफाच्या नावानेच आख्ख्या देशातली पोरं त्याला ओळखत होती. एका वेळी तिघांना खेळता यायचं. तिसऱ्याकडे पैसे नसले तर दोघं मिळून त्याचं कॉइन टाकायचे, कारण पुढचा बॉस, म्हणजे लेव्हलच्या शेवटचा मोठा शत्रू, दोघांच्याने मरत नसे. हा गेम आजही प्लेस्टेशनवर अधिकृतपणे मिळत नाही. कॅपकॉमने जुने मारधाडीचे गेम 2018 मध्ये एकत्र करून पुन्हा विकायला काढले तेव्हाही तो त्यात नव्हता. मला आजही त्याची चुटपुट लागते.

घरी होता तो कॅसेटवाला गेम, टीव्हीच्या अँटेनाच्या वायरमधून जोडायचा आणि चॅनेल फिरवत चित्र शोधायचा. त्यावर मी आणि धाकटा भाऊ काँट्रा खेळायचो. ज्यांनी खेळलाय त्यांना धबधब्याची लेव्हल आठवत असेल. तिथे पडदा वर वर सरकतो. जो पुढे चढतो त्याच्याबरोबर पडदा चढतो, आणि जो खाली राहतो तो पडद्याच्या खालच्या कडेला लागला की मेला. शत्रूची गोळी न लागता, नुसता भावाने घाई केली म्हणून मेला. भाऊ ओरडायचा, "थांब भो, मी आजून खालेच शे!" त्या लेव्हलने आम्हाला एकमेकांकडे बघून उडी मारायला शिकवलं. संक्रांतीच्या पतंगातही हेच असतं, उडवणारा एक आणि चक्री धरणारा दुसरा, आणि ढील कधी द्यायची ते दोघांना एकाच वेळी कळावं लागतं.

तो काँट्रा पीएस5 वर खेळता येतो. कोनामीने 2019 मध्ये पीएस4, म्हणजे आधीच्या प्लेस्टेशनसाठी काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन काढलं, ते इथे चालतं आणि त्यात घरच्या मशीनवरचा जुना काँट्राही आहे. एक उपयोगाची गोष्ट: पीएस4 चा जुना कंट्रोलर पीएस5 वर पीएस4 च्या गेमसाठी चालतो. म्हणजे काँट्रा चालेल, 2020 चा मारधाडीचा स्ट्रीट्स ऑफ रेज 4 चालेल. मुस्तफाची हौस भागवायला आज हाच सगळ्यात जवळचा गेम आहे, आणि एका घरात चौघांना एकत्र खेळता येतो. पण पीएस5 च्या स्वतःच्या गेमला नवा ड्युअलसेन्स, म्हणजे पीएस5 चाच कंट्रोलर लागतो. तो साधारण सहा हजारांना पडतो. महाग आहे, तरीही घ्या, आणि कशासाठी घ्यायचा ते पुढे सांगतो.

स्प्लिट फिक्शन. 6 मार्च 2025 ला आला, स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओचा. यांचाच आधीचा इट टेक्स टू 2021 चा सर्वोत्कृष्ट गेम ठरला होता. स्प्लिट फिक्शन एकट्याला खेळताच येत नाही. माणसं दोन हवीत. मियो विज्ञानकथा लिहिते, झोई परीकथांसारख्या अद्भुत गोष्टी लिहिते, आणि लेखकांच्या कल्पना चोरणाऱ्या एका यंत्रात दोघी अडकतात. मग एकदा हिच्या गोष्टीत, एकदा तिच्या गोष्टीत. पडदा मधोमध दुभंगलेला, अर्धा तुमचा आणि अर्धा शेजारच्याचा.

भाऊ नाशिकला नोकरीला आहे, शनिवारी-रविवारी येतो. एका प्रसंगात दोघी भरधाव मोटरसायकलवर असतात. एक जण गाडी चालवतो. गाडी स्वतःला उडवून देणार असते, आणि दुसऱ्याने मोबाइलवर ते थांबवायचं असतं. पण मोबाइल आधी नियम-अटी वाचायला लावतो, मग 'मी यंत्रमानव नाही' सिद्ध करायला लावतो, चित्रांचे चौकोन निवडायला सांगतो. गाडी माझ्याकडे, मोबाइल भावाकडे. समोरून ट्रक येतायत, मी डावीकडे ओढतोय आणि भाऊ ओरडतोय, "धीरे चालव, अक्षरं दिसत नाही!" पस्तिशी ओलांडलेली दोन माणसं रात्री अकराला इतकी ओरडत होती की आई उठून आली. ती थोडा वेळ उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "हे तर त्या काँट्रासारखंच शे."

मला गेमकडून हेच हवं असतं. दुसऱ्या एका छोट्या गोष्टीत दोघी डुकरं होतात, एक स्प्रिंगसारखं लांब होतं आणि दुसरं इंद्रधनुष्यी पादून उडतं. माझी मुलगी तो भाग परत परत लावायला सांगते. शिवाय हे बनवणाऱ्यांनी दोन माणसांचा विचार किती बारकाईने केलाय ते जागोजागी दिसतं. एकाला जे जमतं ते दुसऱ्याला जमत नाही, आणि कोणी नुसता मागे मागे चालत राहील अशी जागाच ठेवलेली नाही. भाऊ नाशिकला असताना त्याने फ्रेंड्स पास उतरवला. म्हणजे दोघांत एकच प्रत विकत घेऊन दूरवरूनही खेळता येतं.

अ‍ॅस्ट्रो बॉट (6 सप्टेंबर 2024, टीम असोबी) हा तसा एकट्याचाच गेम. पण लेव्हल छोट्या आहेत, मेलात तर जवळूनच सुरुवात होते, म्हणून आम्ही एक लेव्हल मुलगी, एक मी असं खेळलो. वाळूवरून चालताना, काचेवरून घसरताना, छत्रीवर पाऊस पडताना कंट्रोलर हातात वेगवेगळा थरथरतो. ड्युअलसेन्स सहा हजारांचा का, हे कोणाला पटवायचं असेल तर हा गेम हातात द्या. मुलांसाठी पीएस5 घेत असाल तर पहिली डिस्क हीच.

क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन 33 एकट्याने खेळलो आणि त्याच्याविषयी एक वाईट शब्द काढणार नाही. फ्रान्सच्या माँपेलिएमधल्या सँडफॉल या छोट्या स्टुडिओचा हा पहिलाच गेम, 24 एप्रिल 2025 ला आला आणि गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्कृष्ट ठरला. एक चित्रकर्ती दरवर्षी एका प्रचंड शिळेवर आकडा रंगवते, आणि त्या वयाची माणसं हवेत विरून जातात. दरवर्षी आकडा एकाने कमी होतो. सुरुवातीच्या निरोपाच्या प्रसंगात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लढाई पाळीपाळीने होते, पण शत्रूचा वार नेमक्या क्षणी कंट्रोलरवरचं आर1 बटण दाबून परतवावा लागतो, त्यामुळे हात रिकामे राहत नाहीत. इंग्रजी संवाद भराभर जातात, सबटायटल चालू ठेवा.

हॉलो नाइट: सिल्कसाँग 2019 मध्ये जाहीर झाला आणि 4 सप्टेंबर 2025 ला आला. त्या दिवशी जगभर ऑनलाइन स्टोअरं तुंबली होती. डाउनलोड लहान, किंमत कमी, खेळायला फार कठीण. मला आवडला, पण कामावरून थकून आल्यावर हा गेम लावू नये. घोस्ट ऑफ योतेई दिसायला देखणा आहे, बर्फातलं जपान पाहून घ्यावं, पण निम्म्यात मन उडालं. घोड्यावरून एकट्याने किती फिरायचं?

राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक आपल्या पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये काढला. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला शोधत निघते, आणि गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. कॅमेरा कधीकधी चुकीच्या कोनात अडकतो आणि गेम लवकर संपतो. तरीही कमानी, कमळं, कळसूत्री सावल्या हे सगळं गेममध्ये बघताना मुलीने विचारलं, "हे इथलं आहे?" तिला 'हो' म्हणता आलं. असे गेम अजून यायला हवेत, आणि एखाद्यात बहीण-भाऊ दोघांनाही खेळता यायला हवं.

जीटीए 6 साठी, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो मालिकेतल्या पुढच्या गेमसाठी थांबावं का, असं बरेच जण विचारतात. तारीख 2025 वरून 26 मे 2026 वर आणि तिथून 19 नोव्हेंबर 2026 वर सरकली. पीएस2 वरच्या याच मालिकेतल्या सॅन अँड्रियाजमध्ये एका पडद्यावर दोघांना फिरता यायचं, हे आता फार थोड्यांना आठवतं. नुसत्या त्या एका गेमसाठी आज मशीन घेऊन ठेवायची गरज नाही. पण घरात भाऊ, बायको, पोरं, कोणीही शेजारी बसायला तयार असेल तर थांबू नका. आम्ही स्प्लिट फिक्शन पुन्हा सुरू केलाय, या वेळी बाजू बदलून. मोटरसायकल भावाकडे येणार आहे.